ती सात चित्रं रेवती लेलेची

माझ्या वहिनीवर, रेवती लेले हिच्यावर, अन्याय झाला तो १९९४ सालच्या ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, कोबेतल्या एका विज्ञान संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर. करणारा माझा सख्खा भाऊ, दिलीप लेले. त्याला त्यासाठी एक शब्द पुरला. तो शब्द मी ऐकला आणि गप्प उभी राहिले, तेव्हा आरोपींच्या यादीत दुसरं नाव माझं लिहा. नीला लेले.

"ऋतूवर लिही गं," आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक काकू परवा फोनवर म्हणाल्या. "पुण्यात पत्रकं लिहायचीस तसलं नको. काहीतरी हळवं. इथला उन्हाळा, आठवणी, असं. आणि कोणाचं नाव घेऊ नकोस बाई."

बरं काकू. उन्हाळ्यावरच लिहिते. नावाचं मात्र जमणार नाही.

मी आता राहते त्या ओजिमातल्या या सरकारी इमारतींच्या मध्ये चार झाडं आहेत आणि त्या चार झाडांवर चारशे रातकिडे असावेत अशा आवाजात हे जपानी किडे दिवसाढवळ्या ओरडतात. सेमी म्हणतात त्यांना. इतकी वर्षं जमिनीखाली गप्प बसायचं आणि वर आल्यावर मरेपर्यंत बोंब मारायची. माझ्यासारख्यांना हा किडा आवडणारच. पण दर जुलैत त्यांचा पहिला आवाज आला की मला ओजिमा दिसत नाही. कोबेतल्या टेकडीवरचं दादाचं घर दिसतं, बाल्कनीच्या कठड्यावर वाळत टाकलेल्या गाद्या, फ्रिजमधला सातूच्या गार चहाचा काचेचा जग, आणि जमिनीवर मांडी घालून कोळसा कुटत बसलेली वहिनी. स्वयंपाकघरातला खलबत्ता, त्यात वेलदोड्याऐवजी कोळसा.

"दादाच्या चहात पडेल हं," मी म्हणायची.

"पडू दे. पीएच.डी. झालेल्या माणसाला कळत नाही चहात काय आहे ते."

मी तेव्हा भाषा शिकायला आले होते आणि दादा-वहिनीकडे राहत होते. दादा विद्यापीठात पोस्टडॉक. वहिनी मुंबईत चित्रकला शिकलेली, पाच वर्षं तिथल्याच शाळेत शिकवलेली, आणि इथे 'डिपेंडंट'. व्हिसावर शब्दच तो आहे. परावलंबी. ती स्वतःची ओळख करून देताना हसून म्हणायची, "मी परावलंबी. आपण?"

संग्रहालयाच्या खगोल विभागात मोरिता-सान नावाच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, केस कानापर्यंत कापलेल्या, बोलताना पेन्सिल चावणाऱ्या. त्यांच्याकडे एका इंग्रज चित्रकाराच्या रोजनिशीच्या झेरॉक्स होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला माणूस. दिवसा जलरंगात समुद्रकडे रंगवायचा आणि अंधार पडला की परसातल्या दुर्बिणीला डोळा लावायचा. मोरिता-सानना छापील इंग्रजी वाचता येत होतं, पण हा गृहस्थ मुंग्या चालल्यासारखं तिरकं लिहायचा. कोणीतरी ते वाचून सांगायला हवं होतं. दादानं पहिल्या भेटीत दुभाष्याचं काम केलं आणि वहिनीला तिथे सोडून प्रयोगशाळेत निघून गेला. इथपर्यंत त्याचा त्या कामाशी संबंध. नीट लक्षात ठेवा, इथपर्यंतच.

त्या चित्रकाराचं नाव मी देणार नाही. त्याच्यावर राग नाही. पण आज या पानावर तुमचं लक्ष एकाच नावाकडे राहायला हवंय, आणि ते त्याचं नाही.

त्याचं आयुष्य मात्र सांगते, कारण तो सबंध उन्हाळा तो आमच्या घरी चौथा माणूस असल्यासारखा राहत होता. बाप चित्रांच्या चौकटी बनवायचा. म्हणजे लहानपणापासून यानं दुसऱ्यांच्या चित्रांना कडा लावल्या. मोठेपणी श्रीमंतांच्या मुलींना चित्रकला शिकवून पोट भरलं. चाळिशीला आल्यावर आरशाची दुर्बीण घेतली, परसातली कोबी काढून तिथे उभी केली, आणि कोबीबद्दल बायको चार दिवस बोलली नाही, असंही लिहून ठेवलंय पठ्ठ्यानं. चित्रकारांच्या मंडळात त्याची ग्रहांची चित्रं घेईनात. हे काय निसर्गचित्र आहे? खगोलज्ञ त्याची चित्रं आनंदानं वापरत, पण त्याला खगोलज्ञ म्हणेनात. 'आमचे चित्रकार स्नेही' म्हणत. धड ना इकडचा ना तिकडचा. वहिनी हे पान पुन्हा पुन्हा वाचायची.

त्याची एक खोड होती. तो कधीही आधी रेघ काढायचा नाही. मंगळावर रेघा दिसतात, सरळसोट रेघा, असं त्या काळात पुष्कळ शहाण्यांना वाटायला लागलं होतं. हा म्हणायचा, डोळा दमला की दोन छटांमधल्या कडेची रेघ होते. रेघ आकाशात नाही, घाईत आहे. म्हणून तो आधी सगळी चकती एकाच राखी रंगात माखायचा, मग उजेड असेल तिथला रंग उचलून घ्यायचा. पण छापखान्यातल्या कारागिरानं त्याच्या मऊ कडा पक्क्या केल्या आणि पुस्तकात त्याच्याच मंगळावर रेघा उमटल्या. म्हातारपणापर्यंत तो दुरुस्तीची पत्रं लिहीत होता.

"छापखाना म्हणजे सासर," वहिनी म्हणाली होती. "माणूस मऊ जातो, कडक होऊन बाहेर येतो."

आणि त्याच्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, वेळ, हवेची स्थिती, आणि त्याखाली 'घड्याळ: एलायझा'. एलायझा त्याची बायको. तो दुर्बिणीशी, ती घड्याळापाशी मिनिटं मोजत. तिनं एकही ठिपका काढला नाही, फक्त वेळ सांगितली, तरी एका कागदावर तो तिचं नाव विसरला नाही. भरघोस मिशांचा, राणीच्या राज्यातला, बायकांना मतही द्यायचं नाही त्या देशातला बाप्या. तो विसरला नाही. पुढे वाचा आणि ही ओळ मनात ठेवा.

त्या वर्षी इथला पाऊस लवकर आटोपला आणि जुलैत उन्हानं डोकं फिरलं. आणि त्याच जुलैत धूमकेतूचे तुकडे गुरूवर जाऊन आदळले. तुम्हाला आठवत असेल, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. पृथ्वी आत मावेल एवढाले काळे डाग गुरूच्या अंगावर, आणि ते साध्या दुर्बिणीतूनही दिसत होते. मोरिता-साननी पेन्सिल चावली आणि म्हणाल्या, शरदात प्रदर्शन करायचं, हातानं काढलेल्या ग्रहांचं. त्या चित्रकाराचे जुने छाप, आणि शेजारी आजचा गुरू, त्याच्याच पद्धतीनं काढलेला. रेवती-सान, काढाल का?

वहिनी त्या दिवशी स्टेशनवरून घरापर्यंतचा चढ धावत आली. बत्तीस वर्षांची बाई. मी बाल्कनीतून पाहिलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी संग्रहालयाच्या गच्चीवर. सूर्य बुडून तासभर झाला की नैऋत्येला गुरू. गच्चीच्या सिमेंटमधून दिवसाचं ऊन तळपायाला लागायचं, डासांची उदबत्ती जळत असायची, खाली बंदरातल्या बोटींचे दिवे. वहिनी शिडीवर, मांडीवर फळी, फळीवर कोळशाच्या पुडीनं माखलेला कागद. मी खाली, हातात दादाचं घड्याळ.

"आठ बारा," मी सांगायची. "वहिनी, डाग काठाशी आला. कसला दिसतोय गं, आपल्या सत्तेच्या तोंडावर कोणी—"

"वेळ सांग. भाषण नको."

"आठ चौदा."

"हं. आता श्वास पण घेऊ नकोस."

ती खोडरबराच्या टोकानं उजेड उचलायची. काळ्यातून पांढरा पट्टा हळूच वर यायचा, आणि मग डाग. डागाची कड कुठे संपते हे कितीही बघितलं तरी कळायचं नाही, आणि दुर्बिणीतही अगदी तसंच. त्या अर्ध्या मिनिटात ती परावलंबी नव्हती. मी आयुष्यात खूप मोर्चे पाहिलेत, पण मोकळी झालेली बाई मी त्या शिडीवर पाहिली.

चित्र झालं की उजव्या कोपऱ्यात ती लिहायची. वेळ. हवा. आणि देवनागरीत: घड्याळ: नीला.

"अगं, तुझी सही?"

"चित्र पक्कं होऊन चौकटीत बसल्याशिवाय सही करायची नाही. आमचे सर हात तोडतील."

सात चित्रं झाली.

एका शनिवारी तुम्ही सगळे आला होतात. हो, तुम्हीच. ओसाकाहून, क्योतोहून, मुलाबाळांना घेऊन. वहिनीनं सकाळी उठून भेळेचं सगळं केलं होतं, चिंच मिळाली नाही म्हणून जपानी आंबट आलुबुखार घातले होते आणि तुम्ही बोटं चाटलीत. मुलांना शिडीवर चढवून तिनं गुरू दाखवला. एका पोरानं जपानीत विचारलं, काकूच्या हाताला काय झालंय, काळा का? आणि काकूनं त्याच्या नाकाला कोळसा लावला. तुमच्यापैकी कोणीतरी म्हणालं, "रेवती, तू तर आमच्या मंडळाची शान आहेस." कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे.

सप्टेंबरात मोरिता-सान आईच्या आजारपणासाठी गावी गेल्या. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी परवानगीचा कागद दुसऱ्या विभागातल्या एका कारकुनानं पुढे केला. वहिनीला ताप होता, म्हणून चित्रं घेऊन मी गेले होते. इथे सही चालत नाही, शिक्का लागतो. आमच्या घरात शिक्का एकच, दादानं विद्यापीठासाठी करून घेतलेला. त्यावर नुसतं आडनाव. जपानीत ल नाही, तेव्हा आमचे 'रेरे' झाले. दोन सारखी अक्षरं, चिमणीच्या पायांसारखी. मला तो शिक्का फार आवडायचा. लाल शाईच्या डबीत दाबायचा, कागदावर टेकवायचा, बारशाच्या बाळाला तीट लावल्यासारखा. कारकुनानं विचारलं, "रेरे-सान, बरोबर?" मी म्हटलं, "हाय." आणि सातही चित्रांच्या पाठीवर मीच शिक्के मारले, एकेक करून, नीट सरळ, कौतुकानं. पुण्यात सातबाराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून गावोगाव फिरलेली मी. मला एकदाही वाटलं नाही की या शिक्क्यात वहिनी कुठे आहे?

कारकुनाला माहीत असलेला रेरे एकच होता. विद्यापीठातला.

ही माझी चूक. चूक म्हणतेय, कारण ती नकळत झाली. पुढचं नकळत झालं नाही.

ऑक्टोबरमधला तो शनिवार. हवा एकदम स्वच्छ, रस्त्याकडेच्या झुडपांना बारीक नारिंगी फुलं आलेली, त्यांचा वास पार संग्रहालयाच्या दारापर्यंत. वहिनीनं आईनं दिलेली नारायणपेठी नेसली होती. भिंतीवर डावीकडे त्या इंग्रजाचे छाप, उजवीकडे सात गुरू. खाली पाटी नव्हती, सगळी नावं पुस्तिकेत. मी पुस्तिका उघडली. 'चित्रे: डॉ. रेरे.' पानभर छापलेला गुरू, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात, कोणा जपानी माणसाला वाचता येणार नाही अशा अक्षरांत, माझं नाव. घड्याळवालीचं नाव छापून आलं होतं. चित्रकर्तीचं नव्हतं.

तेवढ्यात मोरिता-सान आल्या. त्यांनीही तेव्हाच पाहिलं होतं. चेहरा पांढरा. दादासमोर कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, माझ्या गैरहजेरीत मोठी चूक झाली आहे, सोमवारी दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालते. वहिनी दहा पावलांवर होती, एका शाळकरी मुलीला खोडरबरानं उजेड कसा उचलायचा ते दाखवत होती. तिनं ऐकलं नाही. दादाच्या बाजूला त्याचे प्रोफेसर उभे होते, त्यांनी नुकतंच सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन केलं होतं: रेरे-कुन, हे कसब आम्हाला माहीतच नव्हतं!

आणि दादा म्हणाला, "कामाइमासेन."

माझी हरकत नाही. राहू दे.

त्याची हरकत नाही! जणू खिसा त्याचा कापला होता आणि तो मोठ्या मनानं चोराला सोडून देत होता.

कोणी म्हणालं? माझ्या दादानं. ज्यानं कॉलेजात असताना आमच्या गल्लीत दारोदार जाऊन पाट्या रंगवल्या, दारावर नवऱ्याच्या जोडीला बायकोचंही नाव हवं म्हणून. आमच्या दारावर 'शालिनी व वसंत लेले' त्यानंच लिहिलं, आईचं नाव आधी, आणि बाबा दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. ब्रश धुवायला मी असायची, नऊ वर्षांची. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यानं शिकवलं. "पहिल्या ओळीत सांग कोणावर अन्याय झाला आणि कधी," तो म्हणायचा. "लोकांना विचार करायला वेळ देऊ नकोस."

परतीच्या गाडीत वहिनी पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून बसली होती. पान बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. त्याआधी, गाडी यायच्या आत, मी दादाला स्टेशनवर बाजूला घेतलं होतं.

"अरे, सांग ना त्यांना. चिठ्ठी घालणार होत्या त्या."

"नीलू, इथली पद्धत आहे. घराचं एक नाव. लेले म्हणजे लेले."

"डॉक्टर लेले लिहिलंय."

"तिच्या व्हिसाचं तुला कळतं का? काम केलं असं छापून आलं तर उद्या चौकशी होईल."

"बिनपैशाच्या चित्राची? मी सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारते."

"विचारू नकोस." तो रुळांकडे वळला. "मार्चमध्ये माझी मुदत संपतेय. प्रोफेसरांनी चारचौघांत कौतुक केलं. आता मी जाऊन सांगू, की मी नव्हेच?"

"हो. तेवढंच सांगायचंय."

तो गाडीत चढला.

वहिनीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती कुकर लावत होती. तिनं झाकण बसवलं, शिट्टी ठेवली, आणि म्हणाली, "छापलं गेलं ते चुकून. ते मी सोसलं असतं गं. दुरुस्त होत होतं, आणि यानं हात धरला." एवढंच. रडली नाही. दुसऱ्या दिवशी जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत उरलेला कोळसा होता.

मग दिवाळी आली. मंडळानं भाड्यानं घेतलेला हॉल, कागदी आकाशकंदील, आणि सत्कार. डॉ. दिलीप लेले यांच्या अंगभूत कलागुणांचा. शाल होती, नारळ मिळाला नाही म्हणून अननस होता, आणि औक्षणाचं ताट कोणाच्या हातात दिलंत? तिच्या. "अहो, घरचीच ओवाळेल!" म्हणून हसलात. ती पुढे झाली. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना तिचा हात अजिबात हलला नाही. शिडीवर हलायचा नाही, तसाच. तुमच्यातल्या प्रत्येकानं तिला त्या गच्चीवर काळ्या हातांनी पाहिलं होतं. भेळ खाल्ली होती. आणि टाळ्या वाजवल्यात. पुस्तिकेची एकेक प्रत पिशवीत घालून घरी नेलीत.

जानेवारीत भूकंप झाला. शहराचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. रांगेत पाणी भरताना, शाळेच्या जिमखान्यात थंडीत झोपताना, नावाचं काय घेऊन बसता असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. मोठं दुःख आलं की त्याच्या ओझ्याखाली लहान चोऱ्या आपोआप दडपतात, आणि वर येऊन सांगायला त्यांना वर्षं लागतात.

आज का सांगतेय? कारण संग्रहालय त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतंय, आणि मोरिता-सानना विभागासाठी कायमची चित्रकार नेमायची आहे. निवडीला छापून आलेलं काम लागतं. वहिनीकडे छापून आलेली सातच चित्रं आहेत आणि ती 'डॉ. रेरें'ची आहेत. तिनं या वेळी स्वतः पत्र लिहिलं, स्वतःच्या जपानीत, चार मसुदे करून. दादानंही लिहिलं: जुनी गोष्ट आहे, वाद नको. मग मोरिता-साननी मला कळवलं. सत्य त्यांना माहीत आहे, पण एकाच घरातून दोन तऱ्हेची पत्रं आली आहेत, आणि वरचे अधिकारी विचारतात, घराबाहेरच्या कोणी पाहिलं आहे का? असेल तर ऑगस्टअखेर लेखी द्या.

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. मी तुम्हाला लिहिणार आहे हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते कशाला लिहितील नीलू? त्यांचं दिलीपशी चांगलं आहे." मग म्हणाली, "इकडे सेमी फार ओरडतायत यंदा. तिकडे?" मी म्हटलं, इकडेही.

तो इंग्रज पत्रं लिहीत म्हातारा झाला, आणि त्याच्या बाजूनं एकानंही पत्र लिहिलं नाही. रोजनिशीच्या शेवटच्या वर्षात ते त्यानं नोंदवलंय. तक्रार म्हणून नाही, हवेची स्थिती लिहावी तसं. चित्रकार म्हणाले, खगोलज्ञांचं भांडण आहे. खगोलज्ञ म्हणाले, छापखान्याचं आहे. तुम्ही म्हणाल, नवरा-बायकोचं आहे.

नाही. तुम्ही पाहिलं आहे, म्हणून ते तुमचं आहे. हा अंक बाजूला ठेवा आणि एक पोस्टकार्ड घ्या. माझ्या पत्त्यावर पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, भाषांतर करून मोरिता-सानना मी देते. 'जुलै १९९४ मध्ये मी गच्चीवर होतो, होते. गुरूची चित्रं रेवती लेले काढत होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.' खाली तुमचं पूर्ण नाव. नवऱ्याचं वेगळं कार्ड, बायकोचं वेगळं. उद्या सकाळी स्टेशनला जाताना पेटीत टाका.